‘मला’पासून सुरुवात करा : स्पॅनिशमध्ये माणसाचं वर्णन आणि रोजच्या कटकटी

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मी तिघींबरोबर एक फ्लॅट वाटून राहत होते. एका रविवारी रात्री स्वयंपाकघरात गेले तर बेसिनमध्ये पाएयाचं पसरट भांडं तसंच पडलेलं, कडेला करपलेला भात चिकटून वाळलेला. (पाएया हे तिथे मुळात भांड्याचं नाव आहे, पदार्थाचं नंतर.) मी चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली : ‘यो मोलेस्तो पोर लोस प्लातोस.’ मला म्हणायचं होतं की या खरकट्या भांड्यांचा मला त्रास होतो. सकाळी कॉफी करता करता घरातल्या एकीनं मला अगदी काळजीनं विचारलं, ‘आ क्येन?’ म्हणजे, ‘कोणाला?’ कारण मी लिहिलं होतं, ‘मी त्रास देते, भांड्यांवरून.’

चूक कुठून आली ते मला त्या दिवशी नीट कळलं. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवलं होतं आणि त्याचा एकेक शब्द बदलत गेले होते. मराठीतून गेले असते तर ‘मी’नं सुरुवातच केली नसती. ‘मला ही भांडी खटकतात’ असं म्हटलं असतं, आणि स्पॅनिश वाक्य नेमकं तसंच आहे : ‘मे मोलेस्तान लोस प्लातोस.’ मला, खटकतात, भांडी.

आपल्याकडे स्पॅनिश बहुतेक वेळा इंग्रजीतून शिकवलं जातं. पुस्तकं इंग्रजी, स्पष्टीकरण इंग्रजी. त्यामुळे आपल्या हाताशी असलेली किल्ली आपण वापरतच नाही. माणसांचं वर्णन आणि रोजच्या तक्रारी, हे दोन विषय डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या आ-२ आणि बे-१ (A2, B1) पातळीला हमखास येतात. परदेशात घर वाटून राहणाऱ्याला तर ते पहिल्या आठवड्यातच लागतात. म्हणून हा लेख थेट मराठीतून स्पॅनिशकडे जाणारा.

पायरी १ : उच्चार

इथे सगळे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, ट-ड नाहीत, आणि प, त, क यांच्यामागे ह-कार येत नाही. इंग्रजीची सवय सोडली की हे आपोआप जमतं. ‘ख’ लिहिलंय तिथे घशातून खरखरीत ख काढायचा. लिहिताना येणारं ‘व्ही’ हे अक्षर ‘ब’सारखं उच्चारतात. ‘एच’ मूक असतं. काही शब्दांत मी ‘स’ लिहिला आहे तिथे माद्रिदकडचे लोक जीभ दातांत धरून ‘थ’च्या जवळ जाणारा उच्चार करतात, लॅटिन अमेरिकेत ‘स’च म्हणतात. दोन्ही बरोबर.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा : साधा र आणि लांब थरथरणारा र्र. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’. शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल तक्रार करायची वेळ आली की हा फरक लागतो.

पायरी २ : काळे डोळे, काळ्या भुवया

स्पॅनिशमध्ये दोनच लिंगं आहेत, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. नपुंसकलिंगी नामं नाहीत, त्यामुळे आपलं ओझं कमीच होतं. विशेषण नामाच्या मागोमाग लिंग-वचनानुसार बदलतं. काळे डोळे म्हणजे ‘ओखोस नेग्रोस’, काळ्या भुवया म्हणजे ‘सेखास नेग्रास’. डोळे-भुवयांमुळे काळे-काळ्या होतं, तसंच नेग्रोस-नेग्रास. हे ज्याला जन्मापासून येतं त्याला विशेषणांच्या जुळणीचा वेगळा धडा लागत नाही.

आपल्याकडे ‘सुंदर’, ‘लाल’ ही विशेषणं लिंगानुसार हलत नाहीत, तशी तिकडेही काही आहेत : ‘इन्तेलिखेन्ते’ (हुशार), ‘आमाब्ले’ (प्रेमळ, अगत्यशील), ‘खोबेन’ (तरुण), ‘ओप्तिमिस्ता’ (आशावादी). अनेकवचनात मात्र तीही बदलतात. कोणतं विशेषण हलतं आणि कोणतं नाही याच्या दोन्ही भाषांतल्या याद्या जुळत नाहीत. ‘उंच’ आपल्याकडे स्थिर, तिकडे ‘आल्तो’ आणि ‘आल्ता’.

अवयवांची लिंगं मात्र पाठच करावी लागतात. डोळा आणि ओठ दोन्हीकडे पुल्लिंगी, भुवई आणि दाढी दोन्हीकडे स्त्रीलिंगी. पण चेहरा तिकडे ‘ला कारा’, स्त्रीलिंगी. मिशी तिकडे ‘एल बिगोते’, पुल्लिंगी. हात ‘ला मानो’, शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी. आणि केस! आपण केस लांब ‘आहेत’ म्हणतो, स्पॅनिश माणूस ‘एल पेलो लार्गो’ म्हणतो, एकवचनी. मराठी विद्यार्थी ‘पेलोस’ म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला अंगावरचे सुटे सुटे केस मोजल्यासारखे वाटतात.

विशेषण नामाच्या नंतर येतं हेही लक्षात ठेवा. ते आधी आलं तर कधी कधी अर्थच बदलतो : ‘ओम्ब्रे पोब्रे’ म्हणजे पैशानं गरीब माणूस, ‘पोब्रे ओम्ब्रे’ म्हणजे बिचारा.

पायरी ३ : असणं, बाळगणं, घालणं

वर्णनासाठी तीन क्रियापदं आधी घट्ट करा. ‘सेर’ म्हणजे असणं : ‘एस आल्ता’, ती उंच आहे. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणं, शरीराचाच भाग असणं : ‘तिएने लोस ओखोस ग्रान्देस’, तिचे डोळे मोठे आहेत. आणि ‘येबार’, अंगावर किंवा डोक्यावर घातलेलं, ठेवलेलं, मुद्दाम केलेलं : ‘येबा गाफास’, ती चष्मा घालते, ‘येबा एल पेलो कोर्तो’, तिनं केस आखूड ठेवलेत.

सरावाला मी नेहमी फ्रीदा कालोचं एखादं आत्मचित्र घ्यायला सांगते. मेक्सिकोची ही चित्रकार (१९०७–१९५४) स्वतःचा चेहरा पुन्हा पुन्हा रंगवत राहिली. तिच्या भुवया जवळजवळ जुळलेल्या. त्या तिच्या स्वतःच्या, म्हणून ‘तिएने लास सेखास मुइ खुन्तास’. केसांत माळलेली फुलं तिनं घातलेली, म्हणून ‘येबा फ्लोरेस एन एल पेलो’. ‘तिएने’ आणि ‘येबा’ यांतला फरक एका चेहऱ्यावर इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो. दाढी मात्र दोन्हीकडे चालते. ‘तिएने बारबा’ही म्हणतात, ‘येबा बारबा’ही.

वय ‘तेनेर’नंच सांगायचं. ‘तिएने त्रेइन्ता आन्योस’, म्हणजे शब्दशः तिच्याजवळ तीस वर्षं आहेत. इथे ‘एस’ वापरू नका.

एक शब्द मला फार आवडतो. आपल्याकडे स्थळाच्या पत्रिकेपासून सगळीकडे ‘गव्हाळ वर्ण’ असतो. याला नेमका जुळणारा शब्द स्पॅनिशमध्ये आहे : ‘त्रिगेन्यो’, स्त्रीलिंगी ‘त्रिगेन्या’. ‘त्रीगो’ म्हणजे गहू, त्यावरून. लॅटिन अमेरिकेत हा शब्द जास्त कानावर पडतो. घाऱ्या डोळ्यांना तंतोतंत शब्द नाही. ‘ओखोस कोलोर मिएल’, मधाच्या रंगाचे, हे बऱ्यापैकी जवळचं. गालावरच्या खळ्या म्हणजे ‘ओयुएलोस’. तीळ म्हणजे ‘लुनार’, ‘लुना’ म्हणजे चंद्र त्यावरून, आणि फ्लामेन्को नाचातल्या झग्यांवरच्या ठिपक्यांनाही लुनारेसच म्हणतात.

पायरी ४ : ‘झालाय’ची कसोटी

‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. पुस्तकं सांगतात की कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम लवकरच दगा देतो. मेलेला माणूस कायमचा मेलेला असतो, तरी ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात, एस्तारनं.

मी माझ्या विद्यार्थ्यांना मराठीतली कसोटी देते. वाक्यात ‘झालाय’, ‘झालीय’ किंवा ‘दिसतोय’ बसत असेल तर एस्तार. नुसतं ‘आहे’ बसत असेल तर सेर.

तो बारीक आहे : ‘एस देल्गादो’. तो बारीक झालाय : ‘एस्ता देल्गादो’. ती सावळी आहे : ‘एस मोरेना’. समुद्रावर जाऊन आली आणि रापलीय : ‘एस्ता मोरेना’. लग्न झालंय : ‘एस्ता कासादा’. वारलाय : ‘एस्ता मुएर्तो’. आज छान दिसतेयस : ‘एस्तास ग्वापा’. कोणी नवी साडी नेसून आली आणि तुम्ही ‘एरेस ग्वापा’ म्हणालात तर तिच्या मूळ रूपाचं कौतुक होईल, आजच्या साडीचं नाही.

या कसोटीला एक मोठा अपवाद : व्यवसाय. ‘तो डॉक्टर झालाय’ असं आपण म्हणतो, तरी स्पॅनिशमध्ये ‘एस मेदिको’. पुढे नाम आलं, माणूस कोण आहे ते सांगितलं, की सेरच.

काही विशेषणांचा अर्थ क्रियापदाबरोबर पालटतो, आणि नवख्यानं तेवढी जपावीत. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळलाय. पुन्हा तीच ‘-लाय’! ‘एस लिस्ता’ म्हणजे ती हुशार आहे, ‘एस्ता लिस्ता’ म्हणजे ती तयार झालीय. ‘एस मालो’ म्हणजे वाईट आहे, ‘एस्ता मालो’ म्हणजे आजारी पडलाय किंवा, पदार्थाबद्दल असेल तर, खराब झालाय.

पायरी ५ : निळ्या शर्टवाला, वरचे, आईवर गेलेली

गर्दीत कोणाकडे बोट न दाखवता सांगायचं असेल तर आपण ‘निळ्या शर्टवाला’, ‘चष्मेवाली’, ‘मिशीवाला’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये याला ‘एल दे’ आणि ‘ला दे’ : ‘एल दे ला कामीसा आसूल’, ‘ला दे लास गाफास’, ‘एल देल बिगोते’. नाव माहीत नसताना हे इतकं कामाला येतं की मी तिसऱ्या दिवशीच शिकवते.

आपण ‘वरचे’, ‘शेजारचे’ म्हणतो त्यालाही हेच : ‘लोस दे आर्रीबा’, ‘लोस दे आल लादो’. कटकटींचं निम्मं व्याकरण इथूनच सुरू होतं : ‘लोस दे आर्रीबा आर्रास्त्रान लास सियास पोर ला नोचे’, वरचे रात्री खुर्च्या ओढतात.

मुलगी आईवर गेली की आपण तिला ‘आईवर गेलीय’ म्हणतो. स्पॅनिश लोक ‘आईला निघालीय’ म्हणतात : ‘आ सालीदो आ सु माद्रे’. नुसतं दिसण्यातलं साम्य सांगायचं तर ‘से पारेसे आ सु पाद्रे’, वडिलांसारखी दिसते.

आता जपून बोलायची जागा. माणसाच्या अंगलटीवर बोलणं स्पॅनिश जगात आपल्यासारखंच सहज चालतं. टोपणनावंसुद्धा त्यावरून पडतात. १९७८ साली अर्जेंटिनाला फुटबॉलचा विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक सेसार लुईस मेनोत्ती ‘एल फ्लाको’, म्हणजे ‘काटकुळा’, म्हणूनच ओळखले गेले, आणि मेस्सीला लहानखुऱ्या चणीवरून ‘ला पुल्गा’, पिसू, हे नाव पडलं. पण ही मोकळीक ओळखीतल्या माणसांची आहे. नवख्यानं टोकाचं विशेषण मऊ करून घ्यावं. शेवटाला ‘-ईतो’, ‘-ईता’ लावायचं : ‘गोर्दीता’ म्हणजे थोडी गुटगुटीत, ‘बाखीतो’ म्हणजे जरासा बुटका. आणि म्हाताऱ्या माणसाला ‘बिएखो’ न म्हणता ‘मायोर’ म्हणा. म्हातारा आणि वयस्कर यांत जेवढं अंतर आहे तेवढंच या दोन शब्दांत आहे.

पायरी ६ : मला, तुला, त्याला

आता लेखाचा गाभा. आधी सहा छोटे शब्द : ‘मे’ मला, ‘ते’ तुला, ‘ले’ त्याला-तिला-आपल्याला, ‘नोस’ आम्हाला-आपल्या सगळ्यांना, ‘ओस’ तुम्हा सगळ्यांना (हे स्पेनमध्ये), ‘लेस’ त्यांना. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना पहिले दोन ओळखीचे वाटतील. ‘नमस्ते’मधला ‘ते’ म्हणजे ‘तुला’च. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या, त्यामुळे अशी चुलत नाती दिसतात. ‘तू’ तर स्पॅनिशमध्येही ‘तू’च आहे.

आता मराठीतली ही क्रियापदं आठवा : आवडणं, खटकणं, वाटणं, पटणं, उरणं. या सगळ्यांत ज्याला काही होतंय तो ‘मला’मध्ये जातो आणि क्रियापद त्या गोष्टीमागे धावतं. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. स्पॅनिशमध्ये : ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आवडतो-आवडतात, गुस्ता-गुस्तान. इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्याला हे गळी उतरायला महिने लागतात. आपण रोज घरी हेच बोलतो.

तक्रारीचं मुख्य क्रियापद ‘मोलेस्तार’. इंग्रजीतला त्याच्यासारखा दिसणारा शब्द फार गंभीर अर्थाचा आहे, म्हणून आपली माणसं हा शब्द वापरायला बिचकतात. स्पॅनिशमध्ये तो अगदी रोजचा आहे. हॉटेलच्या दारावर ‘नो मोलेस्तार’ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘त्रास देऊ नये’. मराठीत त्याला ‘खटकणं’ धरा, रचना तंतोतंत जुळते. मला आवाज खटकतो : ‘मे मोलेस्ता एल रुइदो’. मला डास सतावतात : ‘मे मोलेस्तान लोस मोस्कीतोस’. (मोस्कीतो हा शब्दच मुळात स्पॅनिश. ‘मोस्का’ म्हणजे माशी, तिला ‘-ईतो’ लागून झाली ‘छोटी माशी’.)

याच घडणीची आणखी काही क्रियापदं :

‘मे दुएले ला काबेसा’, माझं डोकं दुखतं. आपण इथे ‘माझं’ म्हणतो, ते ‘मला दुखतं डोकं’ म्हणतात.
‘मे पारेसे के सी’, मला वाटतं हो.
‘मे फाल्ता तिएम्पो’, मला वेळ कमी पडतो.
‘मे काए माल’, तो मला पटत नाही. ‘मे काए बिएन’, माणूस बरा वाटतो.

या शेवटच्या जोडीवर जरा थांबा. सहकाऱ्याबद्दल ‘मे गुस्ता’ म्हणाल तर ऐकणारा भुवया उंचावेल, जसं मराठीत ‘मला तो आवडतो’ म्हटल्यावर मैत्रिणी एकमेकींकडे बघतात. साधं चांगलं वाटणं सांगायचं असेल तेव्हा ‘मे काए बिएन’.

दोन खोडे आहेत. पहिला : नाव किंवा नातं घेतलं तरी छोटा शब्द गाळायचा नाही. आईला धुराचा त्रास होतो, याला ‘आ मि माद्रे ले मोलेस्ता एल ऊमो’, म्हणजे ‘आईला तिला खटकतो धूर’. मराठीत हे दोनदा झाल्यासारखं वाटतं, तिकडे ‘ले’ नसेल तर वाक्य लंगडं पडतं. दुसरा : जोर देताना ‘आ मी मे मोलेस्ता’ म्हणतात, आणि त्यातलं ‘मी’ म्हणजे आपलं ‘मी’ नव्हे, ते ‘मला’च आहे. आपल्या ‘मी’ला तिकडे ‘यो’. कानाला हे फसवतं, म्हणून पहिले काही दिवस मोठ्यानं म्हणून घोटा.

पायरी ७ : राग येतो, लाज वाटते, किळस येते

मराठीत भावना येतात, वाटतात. स्पॅनिशमध्ये गोष्ट तुम्हाला भावना ‘देते’, क्रियापद ‘दार’, देणं. ‘मे दा राबिया’, मला राग येतो. ‘मे दा बेर्ग्वेन्सा’, मला लाज वाटते. ‘मे दा आस्को’, मला किळस येते. ‘मे दा पेरेसा’, मला कंटाळा येतो, आळस येतो. ‘मे दा इग्वाल’, मला काही फरक पडत नाही. लाज वाटते हे नीट शिकून घ्या, नाहीतर इंग्रजी शब्दाच्या आठवणीनं ‘एस्तोइ एम्बारासादा’ तोंडातून जातं, आणि त्याचा अर्थ ‘मला दिवस गेलेत’ असा आहे.

इथे मराठी एका ठिकाणी फसवते. ‘मला झुरळांची किळस येते’ : आपलं क्रियापद ‘किळस’शी जोडलेलं, म्हणून एकवचनी. स्पॅनिशमध्ये देणारी झुरळं, म्हणून क्रियापद अनेकवचनी : ‘मे दान आस्को लास कुकाराचास’. भावना कोण देतंय ते आधी शोधा, मग ‘दा’ की ‘दान’ ते ठरवा.

माणूस फारच डोक्यात जात असेल तर ‘मे साका दे किसियो’. ‘किसियो’ म्हणजे दाराच्या चौकटीचा बिजागरीकडचा भाग. दार बिजागरीतून उखडावं तसं मला उखडतो. थोडं सौम्य हवं तर ‘मे पोने नेर्बियोसा’, मला बेचैन करतो. यातलं विशेषण ज्याला होतंय त्याच्याप्रमाणे बदलतं, पुरुषानं ‘नेर्बियोसो’ म्हणायचं. आणि वैतागलो-वैतागले यासाठी ‘एस्तोइ आर्तो’, ‘एस्तोइ आर्ता’ : ‘एस्तोइ आर्ता दे फ्रेगार लोस प्लातोस’, भांडी घासून घासून वैतागले.

एकट्यानं पुटपुटायला ‘के राबिया!’, ‘के आस्को!’ किंवा ‘के लाता!’, काय कटकट आहे! आपल्या ‘काय’च्या जागी त्यांचं ‘के’.

पायरी ८ : लोकांनी रांगेत घुसलेलं

इथवर गोष्टी खटकत होत्या. आता दुसऱ्याचं वागणं खटकतं, आणि इथेच अर्धे विद्यार्थी अडखळतात.

स्वतःचीच कृती असेल तर सोपं आहे, क्रियापद मूळ रूपात : ‘मे मोलेस्ता एस्पेरार’, मला ताटकळायला नको वाटतं. करणारा दुसरा असेल तर मराठीत काय होतं बघा. ‘लोक रांगेत घुसतात’ हे साधं विधान. पण ‘लोकांनी रांगेत घुसलेलं मला खपत नाही’ म्हणताना ‘घुसतात’चं ‘घुसलेलं’ झालं. क्रियापदानं रूप बदललं, कारण आता घुसण्याची बातमी द्यायची नाही, त्यावर आपल्याला काय वाटतं ते सांगायचं आहे. स्पॅनिशमध्येही अशाच जागी क्रियापद रूप बदलतं, फक्त मध्ये ‘के’ येतं : ‘मे मोलेस्ता के ला खेन्ते से कुएले’. साधं रूप ‘से कुएला’, बदललेलं ‘से कुएले’. या बदललेल्या रूपाला ‘सुब्खुन्तीबो’ म्हणतात. नावाला घाबरू नका. या विषयापुरतं ‘मराठीत -लेलं आलं की स्पॅनिशमध्ये सुब्खुन्तीबो’ एवढं धरून चाला.

रूप करायची युक्ती : शेवटच्या स्वरांची अदलाबदल. ‘आर’वाल्या क्रियापदांत आ चा ए होतो, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांत ए चा आ. आब्ला (बोलतो) चं आब्ले, कोमे (खातो) चं कोमा. पहिल्या पुरुषात ‘ग’ येणारी क्रियापदं तो ‘ग’ सगळीकडे नेतात : आगो (मी करते) वरून आगा, पोन्गो वरून पोन्गा, तेन्गो वरून तेन्गा. ‘सेर’चं ‘सेआ’ आणि ‘इर’ (जाणं) चं ‘बाया’, ही दोन पाठच करा.

काही वाक्यं, जी मला खरोखर लागली :

‘मे मोलेस्ता के आब्लेस तान आल्तो’, तू इतक्या मोठ्यानं बोललेलं मला खटकतं.
‘मे दा राबिया के येगेन तार्दे’, त्यांनी उशिरा आलेलं पाहून राग येतो.
‘नो सोपोर्तो के फूमेन एन कासा’, घरात सिगारेट ओढलेली मला सहन होत नाही. इथे क्रियापद ‘मी’चं आहे, ‘नो मे सोपोर्ता’ म्हणू नका.

आणि ‘ला खेन्ते’ एकवचनी असतं, आपले ‘लोक’ अनेकवचनी. ‘ला खेन्ते से कुएलेन’ ही चूक मराठी माणसाच्या तोंडून फार ऐकू येते.

रांगेचा विषय निघालाच आहे तर एक उपयोगी गोष्ट. स्पेनमध्ये भाजी-मासळीच्या मंडईत बऱ्याचदा डोळ्यांना रांग दिसत नाही. लोक इकडेतिकडे उभे असतात, पण प्रत्येकाला आपला नंबर ठाऊक असतो. गेल्या गेल्या ‘क्येन एस एल उल्तिमो?’, ‘शेवटचं कोण?’, असं विचारायचं आणि त्या माणसावर लक्ष ठेवायचं. हे न विचारता पुढे गेलात तर वरचं वाक्य तुमच्याबद्दलच म्हटलं जाईल.

पायरी ९ : सांगायचं, पण भांडण न करता

तक्रार करून झाली की बदल मागायचा असतो. तिथे ‘ते इम्पोर्ता’ : ‘ते इम्पोर्ता बाखार ला मूसिका?’, गाणी जरा हळू लावशील का? अनोळखी किंवा वयानं मोठ्या माणसाला ‘ले इम्पोर्तारीया…?’ त्या माणसाला ‘तू’ म्हणत नाहीत, ‘उस्तेद’ म्हणतात. जुन्या काळच्या ‘बुएस्त्रा मेर्सेद’ या संबोधनाचं ते झिजून झालेलं रूप, म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येतं. खटकतं म्हणताना मध्ये ‘उन पोको’, थोडंसं, घातलं की वाक्याची धार जाते.

देश बदलला की शब्द बदलतात. रागावलेला स्पेनमध्ये ‘एन्फादादो’, लॅटिन अमेरिकेत ‘एनोखादो’, कोलंबियात ‘ब्राबो’. ‘मे दा पेना’ म्हणजे स्पेनमध्ये मला वाईट वाटतं, मेक्सिकोत मला लाज वाटते. कुरळे केस स्पेनमध्ये ‘पेलो रिसादो’, मेक्सिकोत ‘पेलो चीनो’. जिथे जायचं आहे तिथली एक यादी वहीत करून ठेवा, सगळी एकदम पाठ करू नका.

सरावासाठी मी दोन गोष्टी सांगते. रोज एका ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावर पाच वाक्यं : एक ‘एस’चं, एक ‘एस्ता’चं, एक ‘तिएने’चं, एक ‘येबा’चं आणि एक ‘कोणावर गेलाय’चं. आणि रोज रात्री दिवसभरातली एक खटकलेली गोष्ट, आधी मराठीत ‘मला’नं सुरू करून, मग स्पॅनिशमध्ये. इंग्रजी मध्ये आणायचं नाही.

माझी चिठ्ठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिली : ‘मे मोलेस्ता उन पोको के नो फ्रिएगेस ला पाएया.’ तू पाएयाचं भांडं न घासलेलं मला जरा खटकतं. संध्याकाळी घरी आले तर बेसिन रिकामं होतं, आणि माझ्या ओळीखाली निळ्या शाईत लिहिलेलं होतं, ‘तिएनेस रासोन. ओइ मे तोका आ मी.’ बरोबर आहे तुझं, आज माझी पाळी.